हात लिहिता केव्हा होतो?



घरातल्या धाकट्या भावंडाला अक्षरे काढायला शिकवण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच येते. आई कामात असते, बाबा शेतावर किंवा कचेरीत असतात, आणि साडेतीन-चार वर्षांची बहीण पाटी घेऊन तुमच्यासमोर बसते. तुम्ही ‘ग’ काढून देता आणि ‘यावरून गिरव’ असे सांगता. ती पेन्सिल मुठीत धरते. रेघ भलतीकडेच जाते. तुम्ही तिचा हात धरून गिरवून घेता. दहा मिनिटांत पाटी बाजूला पडते, डोळ्यांत पाणी येते, आणि घरातले कोणीतरी म्हणते, “हिचे लक्षच नसते.”

खरोखर लक्ष नसते, की हातच अजून तयार झालेला नसतो? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. ते निरीक्षणाने देता येते, आणि त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पवनीचा असो की तुमसरचा, शेतकरी नुसती तारीख पाहून रोवणी करीत नाही. तो पऱ्ह्यांची उंची पाहतो, पाने मोजतो, बांधीतले पाणी पाहतो. पऱ्हे फार कोवळे असले तर चिखलात टिकत नाहीत आणि जून झाले तर त्यांना फुटवे कमी येतात. लेखनाचेही असेच आहे. घाई नको तसा उशीरही नको. त्यासाठी रोप ओळखता आले पाहिजे.

एक नव्हे, दोन कामे

लिहिणे हे वरवर एकच काम वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन वेगवेगळी कामे एकत्र आलेली असतात. पहिले काम अक्षराचा आकार ओळखण्याचे व आठवण्याचे. दुसरे काम हातातल्या साधनाला हव्या त्या मार्गाने नेण्याचे. एखादी मुलगी ‘ग’ अचूक ओळखते, पण काढू शकत नाही. तिचे पहिले काम पक्के झालेले असते, दुसरे व्हायचे असते. तिला आणखी शंभर वेळा ‘ग’ दाखवून काही उपयोग नाही.

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो व बाकीच्या स्थिर ठेवतो. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांनी नेमके हेच केले. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी ‘बालगृह’ सुरू केले. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. त्यातून आकार कळे, पण पेन्सिल धरावी लागत नसे. दुसरीकडे तीच मुले धातूच्या चौकटींच्या कडेने पेन्सिल फिरवून आतली जागा रेघांनी भरीत. त्यातून हात वळे, पण अक्षर आठवावे लागत नसे. दोन्ही कामे वेगवेगळी साधल्यावर ती एकत्र आली, आणि पुष्कळ मुले आपण होऊन लिहू लागली.

एका अंशाची चूक

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे हाताकडे, भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहू. पेन्सिलीचे टोक हलवणारे सांधे चार ठिकाणी आहेत : खांदा, कोपर, मनगट आणि बोटे. यांपैकी कोणत्याही सांध्यापासून टोक हलवले तर ते एका वर्तुळाच्या कंसावर फिरते. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे सांध्यापासून टोकापर्यंतचे अंतर.

लहान मुलाच्या खांद्यापासून पेन्सिलीच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ४० सेंटिमीटर धरू. या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ २ × ३.१४ × ४० म्हणजे सुमारे २५१ सें.मी. होतो. त्याला ३६० ने भागले की एका अंशाचा कंस मिळतो. तो येतो ०.७ सें.मी. म्हणजे खांद्याची हालचाल केवळ एका अंशाने चुकली तर टोक ७ मिलिमीटर भरकटते. वहीतले अक्षरच जर एक सेंटिमीटर उंचीचे असेल, तर ते बिघडायला एवढी चूक पुरेशी आहे.

आता हेच गणित बोटाच्या सांध्यासाठी करा. तेथून टोकापर्यंतचे अंतर सुमारे ५ सें.मी. धरा. परीघ ३१.४ सें.मी. आणि एका अंशाचा कंस ०.०९ सें.मी. येतो. चूक तितकीच, एक अंश, पण टोक एक मिलिमीटरही सरकत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. बारीक अक्षर काढायचे तर बोटांनीच काढावे लागते. आणि ज्याची बोटे अजून वळलेली नाहीत, जो खांद्याने व कोपराने रेघ ओढतो, त्याला मोठी जागा दिली पाहिजे. अक्षर एक सें.मी. ऐवजी तीस सें.मी.चे असले तर ७ मिलिमीटरची चूक दिसतही नाही.

मुलांच्या हाताची प्रगती साधारणपणे याच क्रमाने, धडाकडून बोटांकडे, होत जाते. दीड-दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरून सगळा हात फिरवते. तीन वर्षांच्या सुमारास खडू बोटांत येतो, पण हालचाल कोपर व मनगट यांची असते. साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तीन बोटे पेन्सिल धरू लागतात, तरी ती बोटे स्वतः फारशी हलत नाहीत. साडेचार ते सहा या वयात बोटे हलू लागतात आणि मनगट टेकलेले राहते. हाताने लिहिण्याची ही खरी सुरुवात होय.

तीन बोटेच का? तिपाई कधी डगमगत नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. तीन ठिकाणी आधार मिळाला की पेन्सिल स्थिर राहते आणि बोटे किंचित आखडून वा सरळ करून तिला वर-खाली नेता येते. मुठीत पेन्सिल घट्ट बसते खरी, पण बोटे तिला हलवू शकत नाहीत. मात्र सर्वांची पकड अगदी एकसारखी असली पाहिजे असे नाही. चार बोटांच्या पकडीनेही चांगले व वेगाने लिहिणारी माणसे आहेत. पाहायचे ते एवढेच की बोटे हलतात का आणि हात लवकर दुखतो का.

मनगटाच्या आत

मनगटात आठ छोटी हाडे असतात. नवजात बालकाच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो घेतला तर त्यांपैकी बहुधा एकही दिसत नाही, कारण ती अजून मऊ कूर्चेची असतात. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडे दिसू लागतात. पुढे हळूहळू बाकीची दिसतात. तीन हाडे तर साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात आणि शेवटचे, वाटाण्याएवढे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. मुलींमध्ये हा क्रम थोडा लवकर पुरा होतो. मुलाच्या शरीराची वाढ किती झाली आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर याच फोटोचा उपयोग करतात.

यावरून ‘हाडे पक्की झाल्याशिवाय पेन्सिल देऊच नये’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. कूर्चेच्या मनगटानेही मूल घास उचलते, माती कालवते, दार उघडते. लेखनाची तयारी स्नायू, नजर आणि मेंदू यांच्या जुळणीवर अवलंबून असते. हाडांचा फोटो आपल्याला एवढेच सांगतो की चार वर्षांच्या मुलाचा हात हा मोठ्या माणसाच्या हाताची छोटी प्रतिकृती नव्हे. तो अजून घडत असलेला हात आहे.

धूळपाटीचे शास्त्र

आपल्याकडे अक्षर शिकण्याच्या सुरुवातीला ‘धुळाक्षरे गिरवणे’ म्हणतात. हा शब्द कोठून आला? जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर मुले बोटाने किंवा काडीने अक्षरे काढीत. हीच धूळपाटी. हात बसल्यावर मग बोरू आणि कागद मिळे. कागद महाग होता हे त्याचे एक कारण. पण या पद्धतीत नकळत बरेच शास्त्र सामावले होते.

बोटानेच लिहायचे असल्यामुळे साधन पेलण्याचा प्रश्न नव्हता. अक्षर मोठे काढता येई, म्हणून खांद्याची व कोपराची चूक खपून जाई. धुळीच्या घर्षणामुळे बोट कोणत्या दिशेने गेले हे डोळ्यांबरोबर त्वचेलाही कळे. आणि फळी हलवली की चूक पुसली जाई, तिची खूण उरत नसे. पुढे आलेल्या दगडी पाटीवरही पेन्सिल थोडी दाबावी लागते आणि रेघ ओढताना हाताला विरोध जाणवतो. गुळगुळीत कागदावर बॉलपेन चटकन घसरते, कारण घर्षण फारच कमी असते. नवशिक्या हाताला थोडे घर्षण हितकारकच असते.

पंतोजींच्या शाळेतील छडी आणि घोकंपट्टी आपल्याला परत आणायची नाही. परंतु धूळ, पाटी आणि मग कागद ही पायऱ्यांची शिडी विचार करण्याजोगी आहे. आज कागद स्वस्त झाला आणि पुष्कळ ठिकाणी खालच्या पायऱ्याच गळून पडल्या. तीन वर्षांच्या मुलासमोर थेट चार रेघी वही येते.

तयारीच्या खुणा

मूल लिहिण्यासाठी तयार होत आहे हे पुढील गोष्टींवरून ओळखता येते. ही परीक्षा नव्हे. मूल खेळत असताना दुरून पाहावे.

१. बसणे. मूल मांडी घालून दहा मिनिटे हाताचा टेकू न घेता बसते का? हात टेकूमध्ये गुंतला तर लिहिणार कशाने? बाकावर बसवले असेल तर पाय जमिनीला टेकतात का हेही पाहा. पाय लोंबकळत असले की धड डगमगते आणि धड डगमगले की पेन्सिल डगमगते.

२. दोन हातांची वाटणी. एक हात वस्तू धरतो आणि दुसरा काम करतो, असे होते का? शेंगा सोलणे, शर्टाची गुंडी लावणे, डब्याचे झाकण फिरवणे यांत हे दिसते. लिहितानाही एक हात पाटी धरतो.

३. चिमूट. धानाचे दाणे किंवा चिंचोके मूल अंगठा व बोटांच्या टोकांनी एकेक उचलते, की सगळ्या पंजाने गोळा करते?

४. ठरलेला हात. घास, खडू, चेंडू यांसाठी मूल बहुतेक वेळा एकच हात वापरते का? तो डावा असला तरी काही बिघडत नाही. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावू नये.

५. नजर. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक ते दाखवू शकते का?

६. इच्छा. मूल रेघोट्या ओढून ‘हे माझे नाव आहे’ असे सांगते का? रेघोटीला अर्थ असतो हे त्याला उमगले, ही मोठी खूण आहे.

७. आकृत्या. याविषयी थोडे सविस्तर पाहू.

आकृत्यांची शिडी

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बीने यांनी १९०८ साली मुलांसाठी जी कसोटी प्रसिद्ध केली, तीत पाच वर्षांच्या मुलाला चौकोन पाहून काढायला सांगितले होते. पुढे अनेक संशोधकांनी अशा आकृत्यांचा अभ्यास केला. त्यातून पुढील क्रम स्पष्ट झाला :

उभी रेघ, आडवी रेघ, गोल : ३ वर्षांच्या सुमारास
अधिकचे चिन्ह (+) : ४ वर्षांच्या सुमारास
चौकोन : साडेचार ते ५ वर्षे
गुणाकाराचे चिन्ह (×) : ५ वर्षांच्या सुमारास
त्रिकोण : ५ ते साडेपाच वर्षे
पतंगाचा आकार : ७ ते ८ वर्षे

ही वये परदेशांतील मुलांच्या पाहणीवरून आली आहेत आणि ती सरासरी आहेत. एखादे मूल सहा महिने पुढे किंवा मागे असणे स्वाभाविक आहे. म्हणून महिन्यांपेक्षा क्रमाकडे लक्ष द्या.

गोल आधी आणि चौकोन नंतर का? गोल काढताना टोकाची दिशा सतत बदलते, पण थांबावे लागत नाही. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर टोकाला थांबावे लागते, म्हणजे वेग शून्य करावा लागतो, आणि मग नव्या दिशेने निघावे लागते. तिरप्या रेघेत उभी व आडवी अशा दोन्ही गतींचा मेळ एकाच वेळी साधावा लागतो, म्हणून ती आणखी अवघड.

आता आपली देवनागरी पाहा. काना म्हणजे उभी रेघ आणि शिरोरेषा म्हणजे आडवी रेघ. ‘ट’, ‘ठ’, ‘व’ यांत गोलाचे भाग आहेत. ‘क’ मध्ये कान्याला छेदून जाणारे वळण आहे. ‘र’ आणि ‘स’ मध्ये तिरपी रेघ आहे. जो मुलगा अधिकचे चिन्ह नीट काढू शकत नाही, त्याला काना शिरोरेषेला नेमक्या जागी टेकवता येणे कठीणच. म्हणून ‘अ’ पासून सुरुवात करण्यापेक्षा ‘ट’, ‘व’ अशा सोप्या वळणांच्या अक्षरांपासून सुरुवात करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. ‘अ’ हे वर्णमालेत पहिले आहे, पण हाताला ते सोपे नाही.

आकृती देताना एक काळजी घ्या. तयार काढलेली आकृती दाखवून ‘अशी काढ’ असे सांगा. तुम्ही मुलासमोर काढून दाखवलीत तर ते तुमच्या हाताची नक्कल करील, आणि नक्कल मुलांना पाहून काढण्यापेक्षा आधी जमते.

तोवर काय करावे?

वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. महाराष्ट्रात ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिली. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये वाढले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पाने, माती आणि बांबू यांतून साधने तयार केली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हे नाव देशभर गेले.

आपल्या परिसरातही साधनांची वाण नाही. पोळ्याला मातीचे बैल करणे, चिंचोके व दाणे वेगळे करणे, मोहफुले वेचणे, फुलांची माळ ओवणे, कणकेचे गोळे करणे, ओले कापड पिळणे, चिमटीने रांगोळीची रेघ सोडणे, अंगणात काडीने भलेमोठे गोल काढणे. यातले प्रत्येक काम खांद्यापासून बोटांपर्यंत काहीतरी घडवते. तान्ह्या पोळ्यासाठी नंदी सजवणारे मूल त्या वेळी लेखनाचाच पूर्वाभ्यास करीत असते.

शालेय ओझ्याचा विचार करण्यासाठी भारत सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल हे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९९३ च्या त्या अहवालात शिशुवर्गातील मुलांवर औपचारिक वाचन, लेखन व अंक यांचा भडिमार करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे.

उशीरही नको

सर्व खुणा दिसू लागल्या की मात्र पाटी द्यावी. कारण हाताने लिहिण्याचा मेंदूला मोठा लाभ होतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे पाहून स्वतः काढली, काही गिरवली आणि काहींच्या फक्त कळा दाबल्या. नंतर ती अक्षरे दाखवून मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा वाचनाशी निगडित भाग स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी अधिक जागृत झाल्याचे आढळले. मुलांची संख्या थोडी होती हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही यातून एक सूचना मिळते. गिरवण्याची पाने भरत बसण्यापेक्षा अक्षर पाहून, वेडेवाकडे का होईना, मुलाने स्वतः काढलेले बरे.

सहा वर्षे पुरी झाल्यावरही मुलाला गुंडी लावणे, चिमटीने उचलणे, साधी आकृती पाहून काढणे जमत नसेल, किंवा ते पाटी डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. अंगणवाडीत व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येते, तेव्हा डॉक्टरांना हे सांगावे. लवकर कळले तर उपाय सोपे असतात.

करून पहा

१. ३० सें.मी.च्या पट्टीच्या टोकाला पेन्सिल बांधा. पट्टीचे दुसरे टोक धरून एक सें.मी. उंचीच्या अक्षरांत आपले नाव लिहा. मग हेच नाव अंगणात काडीने हातभर उंचीचे लिहा. दोन्हींतला फरक कशामुळे पडला?

२. पेन्सिल मुठीत धरून, मनगट न हलवता पाच ओळी लिहा. हात कोठे दुखतो?

३. तुम्ही ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताने पाच मिनिटे लिहा. कोणी बाजूला उभे राहून ‘लवकर, नीट काढ’ असे सारखे म्हणत राहिले तर अक्षर सुधारते की बिघडते, तेही पाहा.

४. घरातील किंवा शेजारच्या तीन ते सहा वर्षांच्या एका मुलाची तीन महिने नोंद ठेवा. त्याच्या घरच्यांची संमती घ्या. दर पंधरा दिवसांनी तारीख घालून त्याच्याकडून वरील आकृत्या काढून घ्या. कागदावर गुण देऊ नका, ‘चूक’ लिहू नका आणि दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका. तीन महिन्यांनी सगळे कागद तारखेच्या क्रमाने मांडा. हात कसा लिहिता होतो ते त्यांत दिसेल.